चिकापासून तांदळापर्यंत : पोटातल्या पहारेकऱ्यांची गोष्ट



औषध शेतात पिकवता येईल का? अडुळसा, गुळवेल, तुळस यांच्याबद्दल मी बोलत नाही. त्या तर आपल्या परसात आहेतच. प्रश्न असा आहे, की माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरात तयार होणारी, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं एखाद्या झाडाच्या पानात, फळात किंवा दाण्यात तयार करून घेता येतील का? आणि ती पाजून लेकराची हगवण आटोक्यात आणता येईल का? जगातल्या काही प्रयोगशाळा गेली तीस-पस्तीस वर्षं या कामाच्या मागे लागल्या आहेत. आज त्याचाच इतिहास सांगायचा आहे. हा इतिहास तंबाखूच्या पानापर्यंत आणि तांदळाच्या दाण्यापर्यंत जातो, पण त्याची सुरुवात बाळंतिणीच्या पहिल्या दुधापासून, म्हणजे चिकापासून होते.

आधी प्रतिपिंड म्हणजे काय ते समजून घेऊ. इंग्रजीत त्याला अँटिबॉडी म्हणतात. धानाच्या बांधावर किंवा कपाशीच्या तासात साप चावला की दवाखान्यात जे प्रतिविषाचं इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं असतं. घोड्याला विष अगदी थोडं थोडं टोचत गेलं, की त्याचं शरीर त्या विषाला चिकटून ते निकामी करणारं प्रथिन तयार करतं. तेच प्रतिपिंड. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था या कामासाठी महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. घोड्यानं बनवायचं आणि माणसानं उसनं घ्यायचं, असा हा व्यवहार.

या उसनवारीची सुरुवात १८९० ची. बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानहून तिथे शिकायला आलेले शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं, की धनुर्वाताला न बधणाऱ्या प्राण्याच्या रक्तातला पातळ द्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला, तर तोही वाचतो. दोन वर्षांनी, १८९२ मध्ये, पॉल एर्लिख यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. त्यासाठी वापरलेली विषं आपल्या ओळखीच्या झाडांची होती : एक एरंडाच्या बीमधलं आणि दुसरं गुंजेच्या बीमधलं. त्यांनी उंदरांच्या काही माद्यांना हे विष कणाकणानं देऊन ते सोसण्याची ताकद आणली. मग पिल्लांची अदलाबदल केली. साध्या मादीच्या पोटी जन्मलेली पिल्लं विष सोसणाऱ्या मादीच्या अंगावर पाजली. ती पिल्लंही विषाला दाद देईनाशी झाली. आईचं संरक्षण दुधातून लेकराकडे जातं, हे त्या अदलाबदलीनं सिद्ध झालं.

आता आपल्या गोठ्यात या. गाईच्या वासराला गर्भात असताना आईची प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती सगळी त्याला जन्मल्यावर चिकातूनच घ्यावी लागतात. शास्त्र माहीत नसतानाही जुन्या बायका हे जाणून होत्या. वासरानं पोटभर चीक प्याल्याशिवाय शहाणी बाई खरवसासाठी चीक काढत नाही.

माणसाच्या बाळाचं थोडं वेगळं आहे. काही प्रतिपिंडं त्याला गर्भातच वारेतून मिळतात आणि रक्तात जातात. पण आतड्याचा पहारा करणारी प्रतिपिंडं चिकातून येतात. ती बहुतांशी रक्तात शिरत नाहीत. आतड्याच्या आतल्या बाजूला राहून तिथेच जंतूला धरतात. १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी या प्रतिपिंडाचा नीट अभ्यास केला. त्याचं नाव आयजीए. दूध, लाळ, अश्रू आणि आतड्यातला चिकट स्राव यांत ते असतं. त्याला एक जादा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे पोटातले पाचक रस त्याला सहजासहजी तोडू शकत नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर, घट्ट दुधात हे आयजीए सर्वांत जास्त असतं.

आणि आपल्याकडे अनेक घरांत काय होत आलं? हे दूध जड आहे, शिळं आहे, बाळाला पचायचं नाही, असं म्हणून ते पिळून टाकलं गेलं. तोवर बाळाला मधाचं बोट नाहीतर गुळाचं पाणी. वासराचा चीक राखणाऱ्या घरातच लेकराचा चीक मोरीत गेला. पुढची सगळी गोष्ट ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

हगवणीचा विषाणू मात्र शास्त्रज्ञांना बराच उशिरा सापडला. आपल्या देशात पोटाच्या विषाणूंचा मोठा धडा दिल्लीनं घेतला. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीचा विषाणू, ज्याला आज हिपॅटायटिस ई म्हणतात, तो ओळखायला पुढे कित्येक वर्षं लागली. पाणी, मैला आणि आरोग्य यांचा एकत्र विचार करणारी संस्था देशाला हवी होती. ती १९५८ मध्ये आपल्या नागपुरात उभी राहिली. तेव्हा तिचं नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था असं लांबलचक होतं. १९७४ पासून आपण तिला नीरी म्हणून ओळखतो.

लहान मुलांच्या जुलाबाचा मुख्य गुन्हेगार सापडला तो १९७३ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात. शोधणारी एक बाई होती, रूथ बिशप. जुलाबानं बेजार झालेल्या मुलांच्या आतड्याचा अगदी बारीक तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गोल गोल कण दिसले. त्यांचा आकार आरे असलेल्या चाकासारखा होता. लॅटिन भाषेत चाकाला रोटा म्हणतात, म्हणून पुढे नाव पडलं रोटाव्हायरस. हा विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो आणि त्यांचं पाणी शोषण्याचं काम बिघडवतो. उलट्या, पाण्यासारखे जुलाब, ताप, आणि पाहता पाहता लेकराचे डोळे खोल जातात. उत्तर आणि मध्य भारतात तो हिवाळ्यात जास्त जोर धरतो. स्वच्छ पाण्याच्या श्रीमंत देशांतही पाच वर्षांच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठत असे. फरक एवढाच, की तिथली मुलं वाचत आणि आपली दगावत. लस येण्याआधी भारतात दरवर्षी सुमारे ७८ हजार मुलं या एका विषाणूनं जात असल्याचा अभ्यासकांचा अंदाज होता.

मुलं मरत होती ती अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. त्यावरचा उपाय भारतातच पक्का झाला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. सलाइन पुरेना. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तोंडानं पाजायला लावलं. शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो, त्याची ही मोठी परीक्षा होती. पण ओआरएस निघून गेलेलं पाणी भरून काढतं. विषाणूला ते हात लावत नाही. विषाणूलाच आतड्यात अडवायचं, तर काय द्यायचं? इथे शास्त्रज्ञ पुन्हा चिकाकडे वळले.

विचार सरळ होता. गाभण गाईला रोटाव्हायरसची लस टोचायची. तिच्या चिकात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर उतरतील. तो चीक लेकराला पाजायचा. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी रुग्णालयात भरती झालेल्या ३ ते १५ महिन्यांच्या मुलांवर हा प्रयोग केला. दहा दिवस असा चीक दिलेल्या ५५ मुलांपैकी एकालाही त्या काळात रोटाव्हायरसची लागण झाली नाही. साधं दूध मिळालेल्या ६५ पैकी ९ मुलांना झाली. तोंडानं दिलेलं उसनं प्रतिपिंड आतड्यात काम करतं, हे यातून दिसलं.

मग अडचण काय होती? गाय विताना चीक मिळणार तो मोजक्या दिवसांचा. तो गोळा करायचा, थंड ठेवायचा, प्रत्येक वेळी त्यातली ताकद सारखी आहे का हे तपासायचं. शिवाय प्रतिपिंड उष्णतेनं मोडतं. खरवस चवीला कितीही छान लागला, तरी वाफेवर शिजल्यावर त्यातल्या पहारेकऱ्यांचा काही उपयोग उरत नाही. आणि मोठ्या टाक्यांमध्ये प्राण्यांच्या पेशी वाढवून प्रतिपिंड बनवायचं, तर ते इतकं महाग पडतं, की हगवणीच्या लेकराला ते पाजणं परवडायचं नाही.

त्याच १९८९ साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू हायॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा रस्ता दाखवला. जमिनीत एक जिवाणू असतो, जो झाडाला जखम झाली की तिथून आपली जनुकं झाडाच्या पेशीत घुसवतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या हाती आपल्याला हवं ते जनुक द्यायला सुरुवात केली होती. प्रतिपिंडाच्या दोन साखळ्या असतात, एक मोठी आणि एक छोटी. हायॅट यांनी एका तंबाखूच्या झाडात मोठीचं जनुक घातलं, दुसऱ्यात छोटीचं, आणि मग दोन्हींचा संकर केला. त्यातून आलेल्या रोपांच्या पानांत दोन्ही साखळ्या आपोआप जुळून पूर्ण प्रतिपिंड तयार झालं. १९९५ मध्ये ज्युलियन मा यांनी चार वेगवेगळी जनुकं असलेल्या झाडांचे एकामागून एक संकर करून, आईच्या दुधात असतं तसं, जादा तुकड्यासह पक्कं आयजीए तंबाखूत बनवलं. आईच्या दुधातला पहारेकरी आता पानात तयार होऊ लागला.

विदर्भातल्या बायकांना हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. २००२ पासून आपल्याकडे बीटी कपाशी आहे. तिच्यातही मातीतल्या एका जिवाणूचं जनुक आहे, आणि त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक असं प्रथिन तयार करतं. तंत्र त्याच घराण्यातलं. तिथे झाड आपल्यासाठी कीटकनाशक बनवतं, इथे औषध बनवायला लावायचं.

तिसरी मदत आली उंटाकडून. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या विद्यापीठात रेमंड हॅमर्स यांच्या प्रयोगशाळेत उंटाच्या रक्ताचे जुने नमुने उरले होते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगासाठी ते बाहेर काढले, तेव्हा त्यात एक विचित्र प्रतिपिंड दिसलं : त्याला छोटी साखळीच नव्हती. १९९३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. उंट आणि दक्षिण अमेरिकेतला त्याचा भाऊबंद लामा, या दोघांत अशी सुटसुटीत प्रतिपिंडं असतात. त्यांचं विषाणूला धरणारं टोक वेगळं काढलं, तर ते आकारानं लहान, चिवट आणि एकाच जनुकानं बनवता येण्यासारखं असतं. झाडाकडून बनवून घ्यायला याहून सोपं काय?

लामाला रोटाव्हायरस टोचून मिळवलेल्या अशा एका तुकड्याला एआरपी-१ हे नाव दिलं. तो आधी यीस्टमध्ये बनवून बांगलादेशातल्या ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात १७६ मुलांवर तपासला गेला. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना फक्त रोटाव्हायरसचाच त्रास होता, त्या मुलांत जुलाबाचं प्रमाण पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त घटलं. चमत्कार नव्हे, पण विषाणूवरच काम करणारं काहीतरी हातात आल्याची खूण होती.

त्याच वर्षी टोकियो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हाच लामाचा तुकडा तांदळाच्या दाण्यात तयार करून दाखवला. दाण्याचं काम मुळातच प्रथिन साठवण्याचं. हा तांदूळ वर्षाहून अधिक काळ ठेवला, पाण्यात उकळला, तरी त्यातल्या प्रतिपिंडाची विषाणू रोखण्याची ताकद टिकली. ९४ अंश उष्णतेत अर्धा तास ठेवल्यावरही त्यानं उंदराच्या पिल्लांना वाचवलं. पाण्यात ते सहज उतरतं, त्यामुळे वेगळं काढून शुद्ध करायचीही गरज नाही. खरवस शिजवताना जे मोडतं, ते इथे उकळीतही टिकलं. फ्रीज नसलेल्या घरासाठी या गोष्टीचं मोल केवढं आहे, हे तुम्हाला सांगायला नको. स्पेनमध्ये वालेन्सियाच्या शास्त्रज्ञांनी तर २०१२ मध्ये टोमॅटोतच रोटाव्हायरसविरुद्धचं आयजीए बनवलं होतं, आणि हे औषधी टोमॅटो साध्या टोमॅटोत मिसळू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम जांभळा रंग आणला होता.

तो रंग हौसेचा नव्हता. २००१ मध्ये अमेरिकेत प्रोडीजीन नावाच्या कंपनीनं डुकरांच्या आतड्याच्या विषाणूवरची लस मक्यात पिकवायचा प्रयोग केला होता. पुढच्या हंगामात त्याच शेतात सोयाबीन पेरलं. आदल्या वर्षीच्या मक्याची काही रोपं त्यात उगवली आणि कापणीत सोयाबीनबरोबर गेली. गोदामातलं सुमारे ५ लाख बुशेल, म्हणजे जवळपास १ लाख ३६ हजार क्विंटल सोयाबीन नष्ट करावं लागलं. सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या भागाला हा आकडा नीट कळेल. बियाण्याची भेसळ किती सहज होते, हे नागपूरनंही पाहिलं आहे. आपल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सहभागानं तयार झालेलं, शेतकऱ्याला घरचं बी राखता येईल असं सरकारी बीटी कपाशीचं वाण २००९ मध्ये बाजारात आलं. पण त्यात खासगी कंपनीच्या बीटी जनुकाची भेसळ आढळली आणि ते थांबवावं लागलं. औषध असलेला दाणा खाण्याच्या दाण्यात मिसळला, तर परिणाम याहून गंभीर होतील. म्हणून असं पीक उघड्या वावरात घेण्याऐवजी बंदिस्त जागेत, मोजूनमापून वाढवायचा विचार पुढे आला. जपानमध्ये कॉलऱ्यावरच्या लशीचा तांदूळ याच पद्धतीनं पिकवला गेला.

दरम्यान दुसऱ्या वाटेनं भारतानं मोठी मजल मारली होती. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉक्टर महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना नवजात बाळांत रोटाव्हायरसचा असा प्रकार दिसला, ज्याची लागण होऊनही बाळं आजारी पडत नव्हती. तो माणसाचाच विषाणू होता, पण त्यात एक जनुक गाईच्या रोटाव्हायरसचं होतं. गाय इथेही आलीच! त्यापासून रोटाव्हॅक लस बनली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचं वढू इथे ६,७९९ बाळांवर तिची मोठी चाचणी झाली. तीव्र जुलाबांपासून तिनं निम्म्याहून अधिक संरक्षण दिलं. २०१६ पासून ही लस चार राज्यांच्या सरकारी लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं रोटासिल ही दुसरी लस तयार केली. २०१९ पर्यंत रोटाव्हायरसची लस देशभर पोहोचली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती तोंडानं देतात.

मग लस असताना प्रतिपिंडाचा तांदूळ कशाला? कारण दोघांची कामं वेगळी आहेत. लस बाळाच्या शरीराला स्वतःचा पहारेकरी घडवायला शिकवते. त्याला आठवडे लागतात, पण तो टिकतो. पाजलेलं प्रतिपिंड हा रोजंदारीचा पहारेकरी : आला की लगेच कामाला लागतो, आणि संपला की गेला. ज्यांची प्रतिकारशक्तीच दुबळी आहे, जी बाळं लशीच्या वयाची नाहीत, ज्यांना लस पुरेशी लागू पडत नाही, त्यांच्यासाठी असा पहारेकरी उपयोगी ठरेल.

एक शंका बायका नेहमी विचारतात : दुधातली प्रतिपिंडं लशीलाच अडवतील का, लशीच्या वेळी अंगावर पाजू नये का? दिल्लीत याचा अभ्यास झाला. लशीच्या आधी आणि नंतर अर्धा तास दूध न पाजल्यानं काही फायदा दिसला नाही. तेव्हा बेधडक पाजा.

हा तांदूळ आज औषधाच्या दुकानात मिळत नाही. झाडात औषध बनतं, हे सिद्ध झालं आहे. गाजराच्या पेशींत बनवलेल्या एका दुर्मीळ आजारावरच्या औषधाला २०१२ मध्ये अमेरिकेनं मान्यताही दिली. पण बाजाराची वाट खडतर असते. कॅनडातल्या मेडिकागो कंपनीनं तंबाखूच्या कुळातल्या रोपांत कोविडची लस बनवली, फेब्रुवारी २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि एका वर्षात कंपनीच बंद करण्यात आली. हगवण हा बहुतेक गरिबाघरच्या लेकरांचा आजार. त्यात नफा कमी. म्हणून हा दाणा आपल्या घरापर्यंत यायचा, तर सरकारी संस्थांनीच तो उचलून धरायला हवा. तशी मागणी करणं हे आपलं काम आहे.

आणि तो येईपर्यंत? घोडा, गाय, तंबाखू, उंट, लामा, तांदूळ एवढा सगळा फेरा घालून शास्त्रज्ञ जे बनवू पाहताहेत, ते बाळंतिणीच्या अंगात फुकट, ताजं आणि तिच्याच भोवतालच्या जंतूंवर बेतलेलं तयार असतं. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरातल्या साधारण ४२ बाळांनाच जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजलं गेलं. म्हणून घरात बाळंतपण असेल, तर सासूबाईंशी, दाईशी, नर्सताईंशी आधीच बोलून ठेवा. पहिल्या तासात चीक. सहा महिने फक्त आईचं दूध. वेळेवर लस. जुलाब लागले तर ओआरएस, डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी सांगितल्याप्रमाणे १४ दिवस झिंक, आणि अंगावर पाजणं चालूच. लेकरू मलूल झालं, पाणीही पोटात ठरेना, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर वाट न पाहता दवाखाना.

वासराच्या चिकाची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढीच लेकराच्या चिकाची घ्या.